घरच्या मैदानामुळे प्लेयरचं रेटिंग फुगतं का? (बेसबॉल गेम्स: ओओटीपी, द शो वगैरे)

आडवातिडवा

मंडळी, बेसबॉल गेम्स खेळणारे इथे पाच-सहाजण तरी आहेत हे मागच्या एका धाग्यावर कळलं होतं, म्हणून धीर करून विचारतोय.

आमची आठ मित्रांची ऑनलाइन लीग आहे, आउट ऑफ द पार्क बेसबॉलवर, म्हणजे ओओटीपी. माहीत नसणाऱ्यांसाठी: यात बॅट आपण फिरवत नाही, आपण नुसते मॅनेजर, खरेदी-विक्री करायची, लाइनअप लावायचा आणि मॅच गेमच सिम्युलेट करून टाकतो. मी बे एरियात सहा वर्षं काढली त्यामुळे हट्टाने सॅन फ्रान्सिस्को घेतलंय, पुण्यात परत आलो तरी टीम सोडवली नाही.

तर मागच्या ऑफ सीझनला मी डेन्व्हरच्या टीमकडून एक डावखुरा बॅटर उचलला. खरा प्लेयर नाही, गेमने तयार केलेला, आम्ही त्याला पैलवान म्हणतो. दोन सीझन लागोपाठ चाळिशीच्या आसपास होमरन (बॉल थेट भिंतीपार, क्रिकेटच्या सिक्ससारखा) आणि अ‍ॅव्हरेज .३२० च्या वर (म्हणजे हजार संधींत ३२० हिट), बघूनच डोळे दिपले माझे. बदल्यात दोन कोवळे पिचर (बॉल टाकणारे) देऊन बसलो. आता ऑगस्ट उजाडला आणि पठ्ठ्या १४ होमरनवर अडकलाय, पण त्याचं पॉवर रेटिंग काढून बघितलं तर एका पॉइंटनेही उतरलेलं नाही! म्हणजे माणूस तोच, आकडा तोच, मग होमरन गेले कुठे?

प्रश्न असा की गेममध्ये रेटिंग बनतं तेव्हा घरचं मैदान त्यात धरलेलं असतं की नसतं? आणि वेगवेगळ्या गेममध्ये हे वेगवेगळं असतं का? चूक माझीच आहे हे कबूल आहे, फक्त ती नेमकी कुठे झाली ते समजून घ्यायचंय.

पाटा_विकेट

एक बाळबोध शंका. बेसबॉलमध्ये मैदानं वेगवेगळ्या मापाची असतात? मला वाटायचं सगळं ठरलेलं असतं, टेनिसच्या कोर्टासारखं.

आडवातिडवा

@पाटा_विकेट आतलं ठरलेलं असतं. बेसपासून बेस ९० फूट, पिचर ते होम प्लेट ६० फूट ६ इंच, हे जगभर तेच. बाहेरच्या भिंतीचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. १९५८ नंतर बांधलेल्या पार्कांना कडेला निदान ३२५ फूट आणि मध्ये ४०० फूट असा नियम आहे, पण त्यातूनही सवलती मिळतात. बोस्टनचं फेनवे १९१२ चं, गल्लीबोळात कोंबलेलं, तिथे डावीकडची भिंत जेमतेम ३१० फुटांवर आणि म्हणून ३७ फूट उंच. आपल्याकडच्या सोसायटीत खिडक्या वाचवायला जाळी लावतात ना, तसंच म्हणा.

डेन्व्हरकर

आलो आलो. गावाचं नाव निघालं की यावंच लागतं.

अहो आडवातिडवा, तुम्ही पैलवान घेतला नाहीत, तुम्ही डेन्व्हरची हवा विकत घेतलीत आणि ती विमानातून नेता येत नाही.

मी इथे अकरा वर्षं राहतोय. पहिल्या आठवड्यात बायकोने कुकर लावला, नेहमीच्या शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं तर तूरडाळ टणक. इथे पाणीच ९५ अंशांच्या आसपास उकळतं. दुकानातली वेफर्सची पाकिटं फुग्यासारखी तट्ट फुगलेली असतात. आमच्या टीमचं मैदान कूअर्स फील्ड, तिथे वरच्या गॅलरीत एक अख्खी रांग जांभळ्या खुर्च्यांची आहे, ती बरोब्बर ५२८० फुटांवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून एक मैल. हवा सतरा-अठरा टक्के विरळ. बॉलला अडवणारं कमी म्हणून तो लांब जातो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. अर्धीच गोष्ट आहे ती.

बाकीची अर्धी अशी. हवा पातळ असली की कर्व्हबॉल वळतच नाही धड, कारण वळवायलाही हवाच लागते. त्यामुळे पिचरचं निम्मं शस्त्र बोथट. आणि १९९५ ला पार्क उघडताना बॉल लांब जाणार हे माहीत असल्यामुळे भिंती मुद्दाम लांब ठेवल्या, डावीकडे ३४७, मध्ये ४१५, उजवीकडे ३५०. झालं काय, आउटफील्ड एवढं अवाढव्य झालं की तीन फील्डर त्यात हरवून जातात, ते मागे उभे राहतात आणि बॉल त्यांच्यापुढे टपाटप पडतात. सिंगल, डबल, ट्रिपल (एक, दोन, तीन बेसपर्यंत नेणारे हिट) सगळंच वाढतं. म्हणून कूअर्स म्हणजे नुसते होमरन असं समजणारा फसतो. तुमच्या पैलवानाचं ते .३२० अ‍ॅव्हरेज सुद्धा आमच्या मैदानाचंच देणं आहे बरं का.

चौकोनी_फासा

वा. या विषयावर मी बोललो नाही तर पाप लागेल.

मी न्यू जर्सीत, वय आता साठीच्या पुढे, कॉम्प्युटर गेमच्या आधीचा माणूस आहे. आमचं म्हणजे स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या गृहस्थाने १९६१ ला विकायला काढलेला फासे-पत्त्यांचा खेळ, प्रत्येक खऱ्या प्लेयरचं एक कार्ड. तीन फासे टाकायचे, पहिला १ ते ३ आला तर बॅटरचं कार्ड वाचायचं, ४ ते ६ आला तर पिचरचं. पुढे त्याची कॉम्प्युटर आवृत्तीही आली पण मला फाशाचा आवाज लागतो.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या कार्डावरच छापलेलं असतं. सुपर अ‍ॅडव्हान्स्ड नियमांच्या कार्डावर काही जागी चौकट असते, पत्त्यातल्या चौकटीसारखी, आणि काही जागी उलटा त्रिकोण. चौकट आली की अर्थ असा: हा होमरन आहे की नाही ते बॅटर ठरवणार नाही, मैदान ठरवणार. मग वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्या मैदानाला दिलेल्या आकड्याच्या आत आला तर होमरन, नाहीतर कॅच आउट. त्रिकोणाचं तसंच, पण सिंगलसाठी. आणि डावखुऱ्या-उजव्या बॅटरना एकाच मैदानाचे आकडे वेगळे.

म्हणजे बघा, कार्ड बनवतानाच मैदानाचा वाटा बाहेर काढून बाजूला ठेवला आणि खेळताना जिथे खेळताय तिथला परत घातला. माणसाचं माणसाला, मैदानाचं मैदानाला. हिशेब चोख.

शेंगदाणे_कूट

काका, तुमचं वाचून फासे घ्यावेसे वाटायला लागले!

मी द शो खेळते, पीएसफाइव्हवर. तिथे प्रकरण अजून वेगळं कारण बॅट आपल्या हातात. कार्डावर कॉन्टॅक्ट आणि पॉवर दोन-दोनदा असतात, उजव्या पिचरविरुद्ध आणि डाव्या पिचरविरुद्ध. मैदानाप्रमाणे वेगळा आकडा कुठेच नाही. मैदान येतं ते बॉल हवेत गेल्यावर, उंची जास्त असेल तर बॉल लांब. म्हणून तर २०२१ ला स्टेडियम क्रिएटर आला तेव्हा ऑनलाइनवाल्यांनी काय केलं असेल? डोंगराएवढ्या उंचीवर स्वतःची मैदानं बांधली, भिंती जवळ आणल्या आणि होमरनचा नुसता पाऊस. समोरच्याचं घरचं मैदान लोड व्हायला लागलं आणि ते असलं काही निघालं की मी आधी चहा ठेवते, मग खेळते. आठव्या इनिंगला ९-० असलं तरी जीवात जीव नसतो.

तिथे बाकीचे ज्याला रद्दी समजतात अशी पॉवर ६० वाली कार्डं सुद्धा बॉल बाहेर घालवतात. रेटिंग ६० च असतं हो, बदललेलं काही नसतं.

अपूर्णांक

मूळ प्रश्नाकडे येऊ. आडवातिडवा, तुमची चूक एका वाक्यात सांगायची तर तुम्ही स्टॅट्स बघून खरेदी केली, रेटिंग बघून नाही. ओओटीपीत बॅटरचे कॉन्टॅक्ट, गॅप (फील्डरांच्या मधून मारणं), पॉवर, आय (नजर) आणि अव्हॉइड के (तीन स्ट्राइकवर आउट न होणं) हे आकडे मैदानाच्या आधीचे आहेत. पार्कला स्वतःचे आकडे, म्हणजे पार्क फॅक्टर, असतात: अ‍ॅव्हरेजसाठी डावे-उजवे वेगळे, होमरनसाठी डावे-उजवे वेगळे, डबल आणि ट्रिपलचे आपापले. १.००० म्हणजे ना नफा ना तोटा. गेम प्रत्येक वेळी दोन्हीचा मेळ घालतो आणि त्यातून स्टॅट्स बाहेर पडतात. तुम्ही शेवटचा आकडा बघून पहिला आकडा गृहीत धरलात.

आता खरी गोची, जी कोणी नीट मांडत नाही. खऱ्या प्लेयरचं रेटिंग कुठून तरी काढावंच लागतं आणि ते काढणाऱ्याने कच्चे स्टॅट्स जसेच्या तसे घेतले तर मैदान दोनदा मोजलं जातं.

समजा एका मैदानात होमरन २० टक्के जास्त पडतात. तिथल्या बॅटरने वर्षात ३० मारले. १६२ पैकी ८१ मॅच घरी, ८१ बाहेर. तर घरचे साधारण १६.४ आणि बाहेरचे १३.६ झाले. म्हणजे साध्या मैदानांवर हा माणूस वर्षाला २७ वाला. पण गेम बनवणाऱ्याने ३० बघून ३० चं रेटिंग दिलं आणि वर त्याला त्याच २० टक्केवाल्या मैदानात उतरवलं तर घरी १५ चे १८ होणार, बाहेर १५, एकूण ३३. हवेतून तीन होमरन. आता त्याला २० टक्के कमी देणाऱ्या मैदानात विका. रेटिंग ३० चं असेल तर २७ मारेल, खरं रेटिंग २७ चं असेल तर साडेचोवीस.

आकडे लहान वाटतील पण पूर्ण लाइनअपचं असं केलं की एक टीम दर सीझनला उगाच जिंकते आणि लोक म्हणतात एआय चीटिंग करतोय.

पाटा_विकेट

म्हणजे चिन्नास्वामीवर खेळणाऱ्याच्या सिक्स मोजून त्याला ताकद द्यायची आणि परत चिन्नास्वामीवरच खेळवायचं. कळलं. बंगळूरही नऊशे मीटरवर आहे की.

अपूर्णांक

@पाटा_विकेट अगदी. फरक एवढाच की तुमच्याकडे दोरी मॅचगणिक हलते, इथे भिंत निदान वर्षभर तरी जागेवर असते. आणि बेसबॉलमध्ये निम्मे सामने एकाच मैदानात, तेही दरवर्षी. आयपीएलमध्ये घरी सातच.

खिडकीतून

नमस्कार, नवीन आहे, बराच काळ नुसता वाचत होतो. मस्त चाललाय धागा. आडवातिडवा, तुमच्या त्या पैलवानाचा करार अजून किती वर्षांचा आहे हो? सहज विचारलं.

आडवातिडवा

@खिडकीतून चार वर्षं. जखमेवर मीठ चोळू नका.

@अपूर्णांक दंडवत. वाचनखूण साठवली. पण एक सांगा, मग डेन्व्हरचा प्लेयर घ्यायचाच नाही का कधी? की बाहेरच्या मॅचचे स्टॅट्स तेवढे बघायचे?

डेन्व्हरकर

हेच! हेच वाक्य ऐकून माझं डोकं फिरतं. "बाहेरचे स्टॅट्स बघा." आमच्या लॅरी वॉकरचं याच न्यायाने वाटोळं केलं लोकांनी. १९९७ ला तो एमव्हीपी (लीगमधला सीझनचा सर्वोत्तम प्लेयर) झाला, ४९ होमरन, त्यातले २९ बाहेर मारलेत. बाहेर! घरी २०. अ‍ॅव्हरेज बाहेर .३४६. हा काय हवेचा फुगा? तरी हॉल ऑफ फेमला (थोर प्लेयरांचा मान, मतदानाने मिळतो) दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी, २०२० ला, ७६.६ टक्के मतांनी कसाबसा आत गेला. लागतात ७५.

चौकोनी_फासा

डेन्व्हरकर, रागावू नका पण तुमच्याच टीमचा दांते बिशेट १९९५ चा काढा. ४० होमरन, घरी ३१, बाहेर ९. एमव्हीपीच्या मतदानात दुसरा आला होता. आणि खुद्द वॉकर १९९९ ला घरी .४६१ आणि बाहेर .२८६. मी दोघांचीही कार्डं हाताळलीत. १९९५ चा बिशेट दुसऱ्या मैदानात नेला की चौकटी येतात आणि फासा नाही म्हणतो.

डेन्व्हरकर

बिशेटचं मान्य. बिशेट मी कधीच डोक्यावर घेतला नव्हता.

पण बाहेरच्या आकड्यांत सुद्धा खोट असते हे ऐका. आमचे बॅटर दहा दिवस असे पिच बघतात जे वळत नाहीत. मग विमानाने लॉस एंजेलिसला जातात आणि तिथे तोच कर्व्ह एकदम गुडघ्याखाली जातो. नजर बसायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर सिरीज संपते. याला इथे कूअर्स हँगओव्हर म्हणतात. म्हणजे घरचे आकडे वर फुगलेले आणि बाहेरचे खाली दबलेले. खरा माणूस दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असतो. तुम्ही बाहेरचे दुप्पट केले तर त्याच्यावर अन्याय करताय.

पुरावा पाहिजे तर डीजे लेमेहियू. २०१८ ला आमच्याकडे .२७६ मारून गेला, सगळे म्हणाले आता यांकीजकडे बघा कसा उघडा पडतो. २०१९ ला न्यूयॉर्कमध्ये .३२७ आणि २६ होमरन. २०२० च्या छोट्या सीझनमध्ये .३६४ मारून लीगमध्ये पहिला. मॅट हॉलिडे २००९ मध्ये सेंट लुइसला गेला आणि तिथल्या ६३ मॅचमध्ये .३५३. नोलन अरेनाडो २०२१ ला सेंट लुइसला गेला, अ‍ॅव्हरेज पडलं खरं, .२५५, पण होमरन ३४ आणि पुढच्या वर्षी .२९३ मारून एमव्हीपीत तिसरा.

आता मला सांगा, असा एक तरी गेम आहे का ज्यात हा हँगओव्हर धरलाय? मी खेळलेल्या एकातही दिसला नाही.

शेंगदाणे_कूट

लेमेहियूचं अजून एक. तो उजवा बॅटर पण मारतो उजवीकडेच, उलट्या बाजूला. आणि यांकी स्टेडियमची उजवी भिंत ३१४ फुटांवर. म्हणजे त्याचा साधा फ्लाय बॉल तिथे पहिल्या रांगेत. मैदान आणि माणूस यांची पत्रिका जुळली की असं होतं. गेममध्ये उजव्यांसाठी एक फॅक्टर, डाव्यांसाठी एक फॅक्टर असतो तिथे हा उजवा असून डाव्यासारखा मारणारा माणूस बसवणार कुठे? द शोमध्ये बॉल खरंच उडतो म्हणून तिथे हे आपोआप निघतं, उलट्या बाजूला बॉल ढकलला की भिंत जवळच असते. नुसत्या आकड्यांच्या गेममध्ये ते हरवतं असं मला वाटतं.

अपूर्णांक

ताई, हा मुद्दा लाख मोलाचा. पार्क फॅक्टर म्हणजे सरासरी, आणि सरासरी कोणाच्याच मापाची नसते. वेड बॉग्ज घ्या. डावा बॅटर, फेनवेवर .३६९ मारलेत त्याने, कारण तो बॉल मुद्दाम डावीकडे त्या हिरव्या भिंतीवर नेऊन आपटायचा. दुसऱ्या कोणा डावखुऱ्याने तिथे जाऊन उजवीकडे ओढायला सुरुवात केली तर समोर ३८० फुटांवर बुलपेन (राखीव पिचरांची जागा). मैदान तेच, हात तोच डावा, आणि नशीब वेगळं.

आणि उलटी बाजूही असते, मैदानामुळे माणूस खुजा दिसतो. सॅन डिएगोचं पेटको २००४ ला उघडलं तेव्हा समुद्राची दमट थंड हवा आणि लांब भिंती, बॅटरचं स्मशान होतं ते, २०१३ ला भिंती आत घेतल्या तेव्हा जरा सुसह्य झालं. एड्रियन गोन्झालेझने २००९ ला ४० मारले, त्यातले फक्त १२ घरी, २८ बाहेर. कच्च्या स्टॅट्सवर पॉवर दिली तर या माणसाला तुम्ही फुकट घेऊ शकता. २०११ ला बोस्टनला गेला आणि .३३८, २१३ हिट, ४५ डबल. ट्रेडमध्ये असा माणूस शोधायचा असतो, पैलवान नाही. (सॉरी आडवातिडवा.)

चौकोनी_फासा

जुन्या लीगा खेळणाऱ्यांसाठी तर हे जास्तच. जो डिमॅजिओ उजवा, यांकी स्टेडियममध्ये डावीकडे-मध्ये एवढं मोकळं रान की त्याला डेथ व्हॅली म्हणायचे. करियरचे ३६१ होमरन, घरी १४८ आणि बाहेर २१३. त्याच शहरात पोलो ग्राउंड्सवर मेल ऑट, उजवी भिंत २५८ फुटांवर. एवढ्यात तर आमच्या चाळीतल्या गच्चीवरून समोरच्या गच्चीत जाईल. ५११ पैकी ३२३ घरी, १८८ बाहेर. दोघांनाही नुसत्या होमरनच्या आकड्यावर तोलून एका टीममध्ये घाला आणि गंमत बघा. ओओटीपीत ऐतिहासिक लीग सुरू करताना मैदानाचा परिणाम काढून टाकलेले स्टॅट्स वापरायचा पर्याय असतो, तो निवडा एवढं मात्र मुलाने मला शिकवलं.

पिचरचंही तेच. सँडी कोफॅक्सचा डॉजर स्टेडियमवरचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढे चांगले) १.३७ आहे. देव माणूस, शंका नाही, पण मैदानही देवळासारखं मिळालं होतं.

डेन्व्हरकर

पिचर म्हणालात म्हणून. माइक हॅम्प्टन. आठ वर्षांचे १२ कोटी १० लाख डॉलर देऊन आणला, ईआरए पहिल्या वर्षी ५.४१, दुसऱ्या वर्षी ६.१५. पहिल्या वर्षी बॅटिंग मात्र छान केली, पिचर असून ७ होमरन 😀 कूअर्सने त्यालाही प्रसाद दिला. आणि काइल फ्रीलँड, इथलाच डेन्व्हरचा पोरगा, २०१८ ला घरी ईआरए २.४०. कूअर्समध्ये! गेममध्ये त्याचं रेटिंग किती असायला पाहिजे होतं ते तुम्हीच ठरवा.

अवांतर: २००२ पासून इथे बॉल ह्युमिडॉरमध्ये ठेवतात, दमट कपाटच ते. वाळलेला बॉल जास्त उसळतो म्हणून. २०२२ पासून तीसच्या तीस पार्कांत आलं. म्हणजे १९९६ चं कूअर्स आणि आजचं कूअर्स ही दोन वेगळी मैदानं समजायची, भिंतींची अंतरं तीच असली तरी.

पाटा_विकेट

मग मैदानच बदललं तर? भिंत हलवली, टीम दुसरीकडे गेली?

शेंगदाणे_कूट

@पाटा_विकेट हल्ली हेच चाललंय. बाल्टिमोरने २०२२ ला डावी भिंत बरीच मागे नेली आणि सातावरून तेरा फूट उंच केली, उजवे बॅटर रडकुंडीला आले, मग २०२५ ला परत काही भाग पुढे आणला. ओकलंडची टीम २०२५ पासून सॅक्रामेंटोच्या मायनर लीगच्या छोट्या मैदानात खेळते. ओकलंडला फाउल लाइनच्या बाहेर एवढी मोकळी जागा होती की दुसरीकडे प्रेक्षकांत जाणारे बॉल तिथे कॅच व्हायचे. तेच बॅटर, एका हिवाळ्यात सगळं उलटं. टँपा बे वाले वादळात छप्पर उडालं म्हणून २०२५ भर यांकीजच्या स्प्रिंग ट्रेनिंगच्या उघड्या मैदानात खेळले. अशा वेळी द शोमध्ये सीझनच्या मधे कार्डांचे आकडे वर-खाली होतात तेव्हा मी आधी बघते की हा सुधारला की नुसतं घर बदललं.

अपूर्णांक

म्हणून एका वर्षाच्या पार्क फॅक्टरवर विसंबायचं नाही, निदान तीन वर्षांचा घ्यायचा. एका उन्हाळ्यात वारा जरा वेगळा वाहिला तरी आकडा हलतो.

आडवातिडवा, अजून एक शक्यता तपासा. ओओटीपीत एआयने प्लेयरची किंमत करताना रेटिंगला किती वजन द्यायचं आणि या वर्षीच्या, गेल्या वर्षीच्या स्टॅट्सना किती, हे सेटिंग असतं. तुमच्या लीगमध्ये स्टॅट्सचं वजन जास्त ठेवलं असेल तर कूअर्सवाले बाजारात महागच दिसणार. तुम्ही महाग घेतलात तो त्या चष्म्यातून.

आडवातिडवा

घरी येऊन तपासलं. स्टॅट्सचं वजन भरपूर आहे. कोणी ठेवलं होतं? मीच. लीग सुरू करताना "वास्तववादी वाटेल" म्हणून. घ्या.

आणि आमच्या पार्कचा डाव्यांचा होमरन फॅक्टर पाहिला. उजवी भिंत नुसती ३०९ फुटांवर आहे म्हणून मी खूश होतो, ती २४ फूट उंच आहे आणि पुढे उजवीकडे-मध्ये अंगण लांबच लांब पसरलंय हे विसरलो. तिथे प्रत्यक्ष बसून मॅच बघितल्यात मी, जुलैमध्ये स्वेटर घालून! पैलवानाचे ट्रिपल बघितले तर ९ झालेत. म्हणजे होमरन भिंतीला लागून परत येतायत आणि तो बिचारा धावतोय.

चौकोनी_फासा

पण त्याच मैदानात तुमच्याच टीमच्या डावखुऱ्या बॅरी बाँड्सने २००१ ला ३७ मारले होते हो. ७३ पैकी ३७ घरी, ३६ बाहेर. मैदान सगळ्यांनाच अडवतं असं नाही.

आडवातिडवा

काका, बाँड्सला कुठलंच मैदान लागू होत नव्हतं. त्याला तर गेमही लागू होत नव्हता, प्लेयर युनियनच्या लायसन्समधून बाहेर पडला म्हणून एमव्हीपी बेसबॉल २००५ मध्ये त्याच्या जागी जॉन डाऊड नावाचा कोणीतरी होता. लहानपणी मी वर्षभर डाऊडला खरा समजत होतो.

शेंगदाणे_कूट

डाऊड 😂😂 माझ्या दादाने त्याचं नाव वहीवर लिहिलं होतं.

आडवातिडवा

असो. तर आता असं ठरवलंय. पैलवानाचं रेटिंग शाबूत आहे, माणूस खराब नाही, माझं मैदान त्याला सोसत नाही. आमच्या लीगमध्ये सिनसिनाटी घेतलेला एक मित्र आहे, त्याचं मैदान म्हणजे होमरनचं आगर आणि त्याच्याकडे दोन डावखुरे पिचर बसून आहेत. पैलवानाच्या डेन्व्हरच्या दोन सीझनचे आकडे त्याच्यापुढे नाचवायचे आणि दोन्ही पिचर काढून घ्यायचे. या वर्षीच्या १४ होमरनचं कारण विचारलं तर खांदा दुखत होता म्हणून सांगेन. तो असले धागे वगैरे वाचत नाही, मॅच सुद्धा फोनवर बघतो. उद्या ऑफर टाकतो.

डेन्व्हरकर

शुभेच्छा. खांद्याची थाप चांगली आहे.

खिडकीतून

आडवातिडवा, खांदा दुखत असेल तर गेममध्ये इंजुरी रिपोर्ट दिसतो रे. बघितला मी आत्ताच. ठणठणीत आहे तो.

एक पिचर देतो, तोही दुसऱ्या नंबरचा. आणि कराराचे निम्मे पैसे तू भरायचेस. उद्या सकाळपर्यंत विचार कर.

शेंगदाणे_कूट

पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

आडवातिडवा

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)